हळदीची कॅप्सूल आणि चुन्याची डबी: कोल्हापुरातल्या एका चाचणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर शहरातल्या एका रुग्णालयाच्या सांधेदुखी ओपीडीत गुडघ्याच्या झिजेवर हळदीच्या अर्काची चाचणी चालू होती. संस्था आणि सहभागी ओळखू येतील असे तपशील इथे गाळले किंवा बदलले आहेत.

सहभागी ४५ ते ७० वयाचे होते. एक्स-रेवर केलग्रेन-लॉरेन्स श्रेणी (सांध्याची झीज किती ते सांगणारी) २ किंवा ३ आणि १०० मिलिमीटरच्या पट्टीवर चालतानाची वेदना किमान ४०, या दोन अटी होत्या. बहुतेक जण करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतले होते. भांगलण, जनावरांचे शेण-घाण, उसाचा पाला अशा कामांत आयुष्य गेलेल्या बायकांची संख्या त्यांत मोठी होती. एका गटाला ९५ टक्के कर्क्युमिनॉइड (हळदीतली पिवळी द्रव्ये, त्यांत मुख्य कर्क्युमिन) असलेला अर्क, ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा जेवणानंतर, १२ आठवडे. दुसऱ्या गटाला प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल, आत मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज आणि रंगासाठी पिवळे आयर्न ऑक्साइड. या भागात जैन आणि लिंगायत सहभागी येणार हे धरून कवच जिलेटिनचे न घेता वनस्पतिजन्य एचपीएमसीचे, अपारदर्शक घेतले होते. वेदना असह्य झाली तर पॅरासिटामॉलची मुभा होती, पण किती गोळ्या लागल्या ते डायरीत लिहायचे.

नमुन्याचे गणित सरळ होते. दोन गटांत १० मिमीचा फरक शोधायचा, प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) २० मिमी, शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के. म्हणजे गटात ६३ जण. गळती, म्हणजे मधेच सोडून जाणारे, १५ टक्के धरली की गटात ७५, एकूण १५०.

पित्ताशयात खडे असलेले, रक्त पातळ करण्याची औषधे घेणारे आणि यकृताच्या तपासण्या बिघडलेले रुग्ण वगळले होते. सहाव्या आणि बाराव्या आठवड्याला यकृताच्या तपासण्या ठरलेल्या होत्या. हळद घरातली म्हणून अर्कही निर्धोक, असे धरून चालत नाही. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असते. कॅप्सूलमधला अर्क ही वेगळीच मात्रा झाली. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांशी जोडलेले १० रुग्ण नोंदवले आणि त्यांतल्या ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ ही जनुकीय खूण सापडली.

प्लासिबोचा एवढा आग्रह का, हे आधीच्या अभ्यासांवरून कळते. थायलंडमध्ये २०१४ साली ३६७ रुग्णांवर हळदीचा अर्क आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या तोडीचा ठरला, पण त्यात प्लासिबो गट नव्हता. भारतातला २०१९ चा १३९ रुग्णांचा अभ्यास कर्क्युमिन आणि डायक्लोफेनॅक (तेही वेदनाशामक) यांची तुलना करतो. तो उघड होता, म्हणजे कोण काय घेतो ते सगळ्यांना माहीत. २०२० चा ऑस्ट्रेलियातला ७० जणांचा अभ्यास प्लासिबोसह होता. त्यात वेदना प्लासिबोपेक्षा सुमारे ९ मिमीने जास्त उतरली, पण एमआरआयवर सांध्यातले पाणी आणि सूज यांत फरक दिसला नाही. परिणाम जेव्हा एवढा लहान असतो आणि तो फक्त रुग्णाच्या सांगण्यात दिसतो, तेव्हा आपण काय घेतो आहोत हे रुग्णाला कळले की उरलेले आकडे वाचण्यात अर्थ राहत नाही.

अडचण कशी उघडी पडली

सहाव्या आठवड्याच्या भेटीला करवीर तालुक्यातल्या एका मावशींनी समन्वयक परिचारिकेला विचारले, "ताई, माझी गोळी काय लाल हुईना बघा. माझ्या जावंची झाली की. मला नुसता रंग भरून दिलाय व्हय?"

परिचारिकेला आधी काही उमगेना. मावशींनी डबीतली एक कॅप्सूल काढली, दोन्ही टोके धरून पिळली, चिमूटभर पूड तळहातावर घेतली, कमरेच्या चंचीतून चुन्याची डबी काढली आणि बोटाने चुना पुडीत मळला. पूड पिवळी ती पिवळीच राहिली.

कुंकू करणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कर्क्युमिन आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळे असते, अल्कलीत लालसर तपकिरी होते, आणि ओल्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो. आयर्न ऑक्साइडवर चुन्याचा काहीच परिणाम होत नाही. म्हणजे खऱ्या आणि खोट्या कॅप्सूलमधला फरक सांगणारी तपासणी सहभागींच्या कमरेलाच होती. पान, तंबाखू आणि गुऱ्हाळ असलेल्या मुलखात चुना घरोघरी असतो. ज्यांच्याकडे चुना नव्हता त्यांनी कपड्याच्या साबणावर पूड घासून पाहिली होती. तिथेही तेच दिसते.

सुरुवात मात्र कुणी पारख करायला म्हणून केली नव्हती. मोठी कॅप्सूल गिळवत नाही म्हणून काही जणी ती उघडून गरम दुधात घालत होत्या, जशी हळद एरवी घेतात तशीच. माहितीपत्रकात "पाण्यासोबत घ्यावी" एवढेच होते. उघडू नये असे कुठेही लिहिलेले नव्हते. दुधात खरा अर्क तवंगासारखा पसरतो, आयर्न ऑक्साइड तळाशी बसते. तिथून शंका आली, शंकेपोटी चुना आला. भेटीचा वार एकच, येण्याची वडाप जीप एकच, काही जणी तर एकाच बचत गटातल्या. रिझल्ट जीपमध्येच वाचले जात होते.

नुकसान किती खोल

पथकाने "कॅप्सूल उघडली का" असे विचारले नाही, कारण त्याला उत्तर "नाही" असेच येते. "घरी कशी घेता ते दाखवा" असे म्हटले. तेव्हा दाखल झालेले सहभागी ठरलेल्या संख्येच्या निम्म्याहून कमी होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी उघडण्याची कृती सहज करून दाखवली.

वेदनेचे मोजमाप डागाळले हे तर उघडच. ज्यांची पूड लाल झाली त्यांना गुण येणारच असे वाटू लागले, ज्यांची झाली नाही त्यांना आपण फसवले गेलो असे. दुसऱ्या गटातल्या काहींनी घरच्या सांगली हळदीचे दूध रोज सुरू केले. काहींनी येणे थांबवले, आणि अशी गळती एकाच गटातून जास्त होते.

सर्वांत धोक्याची गोष्ट घरात घडली. एका सहभागी बाईंनी आपल्या "लाल" कॅप्सूल नवऱ्याला दिल्या. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली होती आणि क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणारे औषध चालू होते. चाचणीत त्यांना निकषांनी वगळलेच असते. काही अपाय झाला नाही, पण निकष दारातून बाहेर ठेवतात तो माणूस असा खिडकीतून आत येतो.

चौथे नुकसान संख्याशास्त्रज्ञाने दाखवले. वाटणी चार-चारच्या ठरावीक गठ्ठ्यांत होती: दर चार जणांत दोघांना अर्क, दोघांना प्लासिबो. गठ्ठ्यातल्या तिघांचे गुपित फुटले की चौथ्याला काय मिळणार ते नोंदणी करणाऱ्या माणसाला कॅप्सूल न बघता सांगता येते. मग एखादा जास्त त्रासलेला रुग्ण नकळत "चांगल्या" क्रमांकासाठी थांबवला जाऊ शकतो. म्हणजे ब्लाइंडिंगसोबत (कोण काय घेतो ते झाकून ठेवण्यासोबत) वाटणीची गुप्तताही गेली, आणि ती जास्त महाग पडते. ब्लाइंडिंग बिघडले तर मोजमाप बिघडते, वाटणी उघडी पडली तर गटच सारखे राहत नाहीत. गुडघा तपासणारी फिजिओथेरपिस्ट प्रतीक्षाकक्षातून येता-जाता लाल-पिवळ्याची चर्चा ऐकत होती, तेही होतेच.

विचारात घेतलेले पर्याय

गप्प राहून पुढे जावे, अहवालात "काही सहभागींना अंदाज आला असावा" असे एक वाक्य घालावे, असा सूर पहिल्या बैठकीत निघाला. मुदत आणि अनुदान दोन्ही आवरत आले होते, तेव्हा तो का निघाला ते समजते. तो टिकला नाही, टिकायला नकोच होता.

दुसरा पर्याय होता मुख्य मोजमाप बदलण्याचा: वेदनेऐवजी ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते, ४० मीटर चालायला किती वेळ लागतो. हे आकडे घड्याळाने मोजले जातात खरे, पण आपल्याला खरे औषध मिळाले असे वाटणारा माणूस खुर्चीतूनही जोमाने उठतो. रक्तातले कर्क्युमिन मोजून कोणी खरोखर घेतले ते शोधावे, हीही सूचना आली. साधा अर्क आतड्यातून फार थोडा शोषला जातो आणि लगेच रूपांतरित होतो. सांगलीची हळद रोज खाणाऱ्या घरात त्या आकड्याने काहीच वेगळे काढता येत नाही.

प्लासिबो सोडून डायक्लोफेनॅकशी उघड तुलना करावी, हा तिसरा. त्याने प्रश्नच बदलतो. तो प्रश्न आधी विचारून झाला आहे आणि त्याची मर्यादा हीच की तो उघड होता.

चौथा, प्लासिबोच बदलायचा. त्यात थोडी खरी हळद घालायची, म्हणजे चुन्याला तोही लाल होईल. आयुर्वेदाच्या बाजूच्या सहकाऱ्यांचा आक्षेप रास्त होता: प्लासिबोत औषध घातले तर तो प्लासिबो कसा? उत्तर मात्रेत आहे. २५ मिलिग्रॅम साध्या हळदपुडीत ३ टक्के धरले तर पाऊण मिलिग्रॅम कर्क्युमिन येते. एका भाजीच्या फोडणीत याहून कितीतरी जास्त असते, आणि ती फोडणी दोन्ही गट रोज खातात.

पाचवा, चाचणी पूर्ण बंद करून नव्याने उभी करायची. स्वच्छ मार्ग हाच, पण ज्यांनी आठवडे दिले आणि रक्त दिले त्यांची माहिती वाया घालवणे हेही नैतिक ओझे आहे.

निर्णय आणि कृती

चौथ्या आणि पाचव्याच्या मधला रस्ता ठरला. नवी नोंदणी त्याच दिवशी थांबवली. प्रोटोकॉलपासून (चाचणीच्या लेखी आराखड्यापासून) ढळल्याची नोंद एथिक्स कमिटीकडे गेली. नवऱ्याला कॅप्सूल दिल्याची घटना वेगळी कळवली. दाखल झालेल्यांचे १२ आठवडे पूर्ण करून घ्यायचे, पण त्यांचे विश्लेषण स्वतंत्र "पहिला टप्पा" म्हणून द्यायचे आणि मुख्य उत्तरात मिसळायचे नाही, हे लेखी ठरले. दोन्ही टप्पे एकत्र करून टप्पा हा घटक गणितात धरावा असे प्रमुख संशोधकांचे मत होते. संख्याशास्त्रज्ञ अडून राहिला: बिघडलेल्या मोजमापाचे वजन गणिताने कमी होते, मोजमाप दुरुस्त होत नाही. त्याचे म्हणणे मान्य झाले. हा निर्णय घेईपर्यंत कुणीही वेदनेचा एकही आकडा गटवार पाहिलेला नव्हता. ती अट पाळली नसती तर पुढचे सगळे ठराव संशयास्पद झाले असते.

नवा प्लासिबो टेबलावर तपासला. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर पूड, वर ओला चुना. सेल्युलोज आणि आयर्न ऑक्साइडमध्ये ५ मिलिग्रॅम हळद घातली तर जेमतेम केशरी झाक येत होती, १० ला गुलाबीसर, २५ ला स्पष्ट लाल. अर्क मात्र गडद वाळल्या रक्तासारखा होतो. एकटी पूड पाहिली तर दोन्ही "लाल झाली" असेच कुणीही म्हणेल. शेजारी ठेवून पाहिले तर फरक कळतोच. म्हणून २५ मिलिग्रॅमवर थांबून गुपिताची बाकीची गळती वेगळ्या मार्गाने बुजवली.

कॅप्सूलच्या सांध्यावर पट्टी मारून घेतली. पिळून ती उघडत नाही. ब्लेडने कापता येते, पण तसे करण्याइतकी उत्सुकता फार थोड्यांना असते. गिळायला अडचण आहे का हे आता नोंदणीआधीच विचारले जाते आणि त्याच आकाराची रिकामी कॅप्सूल समोर पाण्यासोबत गिळून दाखवावी लागते. नाही जमली तर त्या व्यक्तीला घेत नाहीत. एका घरातून एकच सहभागी. एका गावचे लोक वेगवेगळ्या वारी. तपासणीची खोली प्रतीक्षाकक्षापासून दूर, फिजिओथेरपिस्टचा रस्ता वेगळा. वाटणीचे गठ्ठे ४, ६ आणि ८ असे यादृच्छिक, आणि गठ्ठ्यांचे आकार केंद्रावरच्या प्रोटोकॉलमध्ये छापलेलेच नाहीत.

अंदाज मोजण्याची सोयही घातली. प्रत्येकाला दुसऱ्या आठवड्यात विचारायचे: तुम्हाला काय मिळत असावे, आणि असे का वाटते? शेवटी विचारले तर ज्याला गुण आला तो "खरे" म्हणतो, आणि गुपित फुटले की औषध लागू पडले हे वेगळे करता येत नाही. उत्तरांवरून बँगचा निर्देशांक (गुपित किती टिकले त्याचे माप) प्रत्येक गटासाठी वेगळा निघतो. समजा एका गटातल्या ४० पैकी २६ जणांनी बरोबर ओळखले, ६ जणांनी चूक, ८ जणांनी माहीत नाही म्हटले, तर २६ वजा ६ भागिले ४०, म्हणजे ०.५. शून्याच्या आसपास असेल तर नुसता अंदाज, १ कडे गेला तर गुपित फुटलेले, उणे असेल तर लोक उलटाच समज करून बसलेले. कॉन्सॉर्ट या चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत ते सांगणाऱ्या नियमावलीच्या २०१० च्या आवृत्तीने ब्लाइंडिंग टिकले का ते मोजण्याची अट काढून टाकली. वनौषधींच्या चाचण्यांत ती स्वतःहून पाळावी असे आमचे ठाम मत आहे, आणि "का वाटते" हा उपप्रश्न तर सोडूच नये. चुना, दूध, साबण हे सगळे त्याच उत्तरात सापडते.

सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतली नोंद दुरुस्त केली. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त पूर्वनोंदणी चालते, त्यामुळे आधीची रचना आणि नंतरची रचना दोन्ही वाचकाला दिसतात. ती लाज वाटण्याची गोष्ट नाही.

सहभागींशी बोलणे

हा भाग प्रोटोकॉलमध्ये मावत नाही, पण चाचणी यानेच वाचली. पहिल्या टप्प्यातल्या प्रत्येकाला बोलावून सांगितले की चुन्याने कळते हे आम्हालाही आता कळले आहे, तुम्ही काही गुन्हा केलेला नाही, आणि संमतिपत्रात "औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली कॅप्सूल मिळू शकते" असे जे वाचून दाखवले होते ते हेच. ते तेव्हा वाचून दाखवले गेले होते; ऐकणाऱ्याच्या मनात रुजले नव्हते. मावशींना परिचारिकेने सांगितले, "मावशी, कुणाच्या डबीत काय आहे ते मलाही सांगितलेलं नसतं." त्यांना ते पटायला दोन भेटी लागल्या. नंतर त्यांनी १२ आठवडे पूर्ण केले.

नव्या संमतिपत्रात दोन वाक्ये आली: कॅप्सूल उघडू नये, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही देऊ नये. दुसऱ्या वाक्याचे कारणही छापले: रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याला किंवा पित्ताचे खडे असणाऱ्याला त्रास होऊ शकतो. कारण दिले की लोक पाळतात. नव्या प्लासिबोतही अल्प हळद आहे हे संमतिपत्रात साध्या भाषेत लिहिले आहे, कारण ते लपवले असते तर पहिल्या टप्प्यातला अविश्वास परत आला असता.

निष्पत्ती

दुसरा टप्पा पूर्ण झाला. किंमत मोठी होती: नव्या बॅचची निर्मिती आणि स्थिरता तपासणी, जुन्या कॅप्सूल मोजून नष्ट करणे, वाढीव मुदत. जीपमधली तुलना जवळपास थांबली. दुसऱ्या आठवड्याच्या उत्तरांत "चुन्याने पाहिले" हे कारण क्वचितच आले.

दोन गळती मात्र बुजल्या नाहीत. अर्क घेणाऱ्या काहींना शौच पिवळी होते. हा कर्क्युमिनचा ओळखीचा परिणाम आहे आणि त्यावर कवचाचा उपाय नाही. शिवाय काहींना हळदीचे ढेकर येतात. ही दोन्ही कारणे सांगणाऱ्यांना वगळून आणि न वगळून, असे दोन्ही प्रकारे विश्लेषण करायचे हे आधीच लिहून ठेवले आहे. परिणामकारकतेचे आकडे या लेखाचा विषय नाहीत.

वेगळे काय करता येईल

एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी दोन्ही कॅप्सूल चाचणीबाहेरच्या दहा-बारा स्थानिक बायाबापड्यांना द्याव्यात आणि सांगावे: यांतली खरी कोणती, काय वाटेल ते करून ओळखा. चावा, दुधात घाला, चुना लावा, कपड्यावर घासा. एका दुपारचे हे काम आहे. प्रयोगशाळेने रंग जुळवून दिला होता, तो रंग कवचाच्या आत कुणी पाहणारच नव्हते. स्वयंपाकघराने जी तपासणी केली तिचा विचार कागदावर कुठेच नव्हता.

प्रत्येक वनस्पतीची ओळख पटवणारी खूण वेगळी असते. मेथी घेणाऱ्याच्या घामाला आणि लघवीला वास येतो, त्यामुळे मधुमेहावरच्या मेथीच्या चाचणीत घरचे लोकच गुपित फोडतात. हिरडा, त्रिफळा लोखंडाला लागले की काळे पडतात, आणि त्रिफळ्याने पोट साफ होते ते सकाळीच कळते. गुळवेल जिभेवर कडू लागते. तिथे प्लासिबोला निरुपद्रवी कडूपणा द्यावा लागतो आणि तो जुळला का हे चव घेऊनच ठरवावे लागते. बॅचच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी, जड धातू आणि जंतुसंख्या असते. त्याच कागदाला ओळखण्याच्या खुणांचे एक पान जोडावे आणि प्रत्येक खुणेपुढे प्लासिबोत तिची सोय कशी केली ते लिहावे. सोय झाली नसेल तर तसे लिहावे, म्हणजे विश्लेषण करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

एकाच जीपने येणाऱ्या लोकांना वेगळे वार द्यायचे तर वाहनखर्च वाढतो. तो अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा. मधेच मागितला तर वित्त विभाग विचारतो की आधी का नव्हता, आणि त्याला उत्तर देताना महिना जातो.